डोहातल्या शिंपल्या

रंगुबाईचं माहेर खर्ड्याच्या बाजूला. तिकडं पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी चकाकणारा एक तुकडा, आणि नदी म्हणजे पावसाळ्यातले चार दिवस सोडले तर गुरं बसवायची कोरडी वाळू. लग्न होऊन ती पुणतांब्याच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठच्या एका लहानशा गावात आली, तेव्हा भर वैशाखात वाहणारं पाणी पाहून तिला आनंद झाला नाही, भीतीच वाटली. धुणं घेऊन गेली की ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी राही आणि तिथूनच लुगडी बुचकळून काढी. गावच्या बायका तिला हसत.

ही भीती मोडली मेहताबनं. मेहताब म्हणजे चुनाभट्टीवाल्या गनीभाईची बायको. रंगुबाईपेक्षा चारपाच वर्षांनी मोठी, हाडापेरानं मजबूत, बोलणं मोठ्यानं. गावाच्या खाली, नदी वळते तिथं त्यांची भट्टी होती. गावातल्या भिंती, देवळाचा ओटा, विहिरींची चिरेबंदी, सगळं गनीभाईच्या चुन्यावर उभं होतं. मेहताबनं एके दिवशी रंगुबाईचा हात धरून तिला गुडघाभर पाण्यात ओढलं. वाळू कुठं पायाखालून सरकते, चिखल कुठं धरून ठेवतो, हे तिला पायानंच दाखवलं.

"काय टोचलं गं भाबी?" रंगुबाई किंचाळली.

"शिंपली हाय. अर्धी वाळूत रुतून बसती. तुलाच भ्याली आसंल ती," मेहताब म्हणाली. तिनं वाकून ती उपसून काढली. तळहाताएवढी, काळपट हिरवी, पाठीवर वर्षावर्षाच्या रेघा. "आमी खातो कदीमदी. घरात कायच नसलं की."

रंगुबाईनं तोंड वाकडं केलं. तिच्या सासरी ही गोष्ट कानावरही जाऊन चालली नसती.

सासरा कारभारी गळ्यात माळ घातलेला माणूस. घरात मांसमच्छीचं नाव निघत नसे. गावात भांडण झालं की पंचांत त्याला बोलावणं असे, आणि तो बोलला की आप्पासाहेब पाटीलसुद्धा ऐकून घेत. सासू रंगुबाईच्या लग्नाआधीच वारली होती. नवरा बन्सी लढाई सुरू झाल्यावर नगरला जाऊन लष्करात भरती झाला आणि मोटार हाकायला शिकून ब्रह्मदेशाच्या बाजूला गेला. घरात उरले म्हातारा, रंगुबाई आणि तिची लहानगी छबू.

त्रेचाळीस साली भादव्यात कारभारीला मुदतीचा ताप आला. ताप उतरला तेव्हा माणूस अंथरुणाला चिकटून राहिला होता. ताठ चालणारा माणूस, त्याला कूस बदलायला दोन हात लागायला लागले. पुणतांब्याहून वैद्य आले, त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि बाहेर ओट्यावर येऊन रंगुबाईला हळू आवाजात म्हणाले, "बाई, यांच्या अंगात रक्त राहिलेलं नाही. मांसाचा रस गेला पाहिजे पोटात. नाहीतर दिवाळी दिसायची नाही."

कारभारीनं आतून ऐकलं. "तोंडात घातलंत तर थुंकून टाकीन," तो म्हणाला, आणि तेवढ्यानंच त्याला धाप लागली.

घरात दुसरं तरी काय होतं? दिवस टंचाईचे. सरकारनं लढाईसाठी ज्वारी उचलली होती, बाजारात डाळ नजरेला पडत नव्हती, म्हैस आटली होती. हुलगे तेवढे होते. रंगुबाई हुलग्याचं माडगं करून त्याला पाजत होती, पण नुसत्या पिठाच्या पाण्यानं माणूस उठतो थोडाच. एके दुपारी ती नदीवर बसून रडली. मेहताब शेजारी भांडी घासत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माडग्याला वास लई उग्र आसतो. त्यात शिंपलीचं मास बारीक वाटून घातलं तर कुनाच्या बापाला कळनार न्हाई."

"माळ हाय गं त्यांच्या गळ्यात."

"मग माळ सांभाळ, न्हाईतर म्हातारा सांभाळ," मेहताब म्हणाली. मग तिलाच वाईट वाटलं असावं. ती जवळ सरकली. "तुझ्या सासऱ्याच्या कानावर माझ्याकडनं जानार न्हाई. तुझ्या छबूची आन घेते."

तसं ठरलं. भर दुपारी, गाव जेवून आडवं झालं की रंगुबाई पाटी घेऊन वळणावर जाई. मेहताबनं सांगितल्याप्रमाणे शिंपल्या एक दिवस स्वच्छ पाण्यात ठेवायच्या, म्हणजे पोटातली वाळू त्या टाकून देतात. मग उकळत्या पाण्यात सोडायच्या. तोंड उघडलं की मास काढून लसूण-मिरचीबरोबर पाट्यावर वाटायचं. उरलेली टरफलं ती पाटीत झाकून मेहताबकडं देई, आणि मेहताब ती भट्टीत टाकी. चुना होऊन जाई. मागं काही राहत नसे.

पहिल्या दिवशी तिनं वाटी म्हाताऱ्याच्या ओठाला लावली. त्यानं घोट घेतला, थांबला, आणि म्हणाला, "आज चव आली बग माडग्याला." रंगुबाईनं मान फिरवली. चूल फुंकायच्या निमित्तानं ती बराच वेळ तिथंच वाकून राहिली.

कार्तिकात कारभारी भिंतीला टेकून बसला. मार्गशीर्षात काठी धरून ओट्यापर्यंत आला. लोक येऊन म्हणायचे, "सून असावी तर अशी." बायडाबाई शेजारीण तर जिथं तिथं तिचे गुण गाई. रंगुबाईला ते ऐकवत नसे. माणूस उठला याचा आनंद होई, आणि लगेच त्या आनंदाखाली काहीतरी खुपे. शिवाय आणखी एक होतं, ते तिनं मेहताबलाही सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या वाटीतून सुरुवात झाली खरी, पण पुढं ती छबूलाही देऊ लागली, आणि स्वतःही खाऊ लागली. तिला ते आवडू लागलं होतं. दुपार झाली की तिला त्याची आठवण येई.

माघ उजाडेपर्यंत वळणावरच्या मोठ्या शिंपल्या संपल्या. पायाला लागत त्या सगळ्या बोटाच्या पेराएवढ्या. पाटी भरून आणल्या तरी उकळून हाताला येई ते पळीभर. पूर्वी ओंजळभर शिंपल्यांत जे भागे त्याला आता दुपार जाई. म्हातारा अजून पुरता सावरलेला नव्हता, आणि माडगं पातळ झालं की तो वाटी खाली ठेवून म्हणे, "आज न्हाई जमलं."

वळणाच्या वर, देवळाच्या घाटाखाली डोह होता. डोहातला जीव मारायचा नाही, हा गावचा जुना नेम. घाटाच्या पायरीवर लाह्या टाकल्या की मोठाले मासे उसळून वर येत, आणि पोरंसुद्धा त्यांना खडा मारत नसत. गनीभाईच्या घरानं आजोबांपासून हा नेम पाळला होता. भट्टी नदीकाठी, पण डोहात त्यांनी कधी गळ टाकला नाही.

रंगुबाई डोहात उतरली. घाटाच्या पलीकडच्या कडेनं, जिथं झाडं पाण्यावर वाकलेली होती तिथून. पाणी कमरेला लागलं की ती थांबे, पुढं जायचं धाडस तिला नव्हतं. पण तेवढ्यातच पहिल्या दिवशी तिला अशा शिंपल्या मिळाल्या की एकेक दोन हातांत धरावी. टरफलं तिनं नेहमीप्रमाणे मेहताबकडं दिली.

मेहताबनं पाटीवरचं फडकं उचललं आणि ती तिच्याकडं बघतच राहिली. "ह्या वळनावरच्या न्हाईत, रंगू."

"आता थोडे दिस. ते चालाय लागले की बंद."

"माझ्या भट्टीत नको टाकूस ह्या."

"मग कुठं टाकू? उकिरड्यावर कुत्री उकरत्याल. भाबी, येवढं कर."

मेहताबनं फडकं परत पाटीवर ओढलं. मग पाटी घेतली. पण ती लगेच भाजायला तिचं मन होईना की काय कोण जाणे, टरफलांचा ढीग तिनं भट्टीच्या मागं चुनखडीच्या आडोशाला ओतला. पुढच्याही त्यावरच पडत गेल्या. होळीपर्यंत कारभारी काठीशिवाय चावडीवर जाऊ लागला, आणि रंगुबाईनं नदीला पाटी नेणं बंद केलं. संपलं, असं तिनं मनाशी म्हटलं.

चैत्राच्या अखेरीला नदी आटून निळी झाली, तेव्हा मुंबई सरकारच्या मच्छीखात्याकडून रेडकर नावाचे एक साहेब गावात आले. तरुण, उन्हानं रापलेले, मूळचे मालवणकडचे. लढाईत अन्न कमी पडतंय, तेव्हा नद्यांच्या तळाशी खाण्याजोगं किती आहे ते पाहायला सरकारनं त्यांना पाठवलं होतं. त्यांच्याबरोबर लोखंडी चौकटी, तारेच्या चाळण्या, पितळी मापं आणि एक नाजूक तराजू. डोहात चौकट टाकायला आधी पाटलांनी नकार दिला. पण साहेब म्हणाले, "एकही जीव मारणार नाही. मोजून, तोलून जिवंत परत सोडीन." मग कारभारीनंच शब्द टाकला आणि परवानगी मिळाली.

कारभारीला त्या कामाचं भारी नवल वाटलं. सकाळी न्याहारी झाली की तो घाटावर जाऊन बसे. साहेब गुडघाभर, कधी छातीभर पाण्यात चौकट रोवायचे, चौकटीतली वाळू हातभर उपसून चाळणीत धुवायचे. चाळणीत राहायच्या शिंपल्या, गोगलगायी, किड्यांच्या अळ्या, गांडुळासारखे लाल दोरे. प्रत्येक जीव मापाला लावायचे, तराजूत घालायचे.

"समुद्रावर बी हेच करता का?" कारभारीनं विचारलं.

"तिथं तर वर्षं गेली माझी," साहेब म्हणाले. "रत्नागिरीच्या किनाऱ्याला. होडीतून तळ खरवडून वर घ्यायचा. किनाऱ्यालगत लाटा तळ घुसळत राहतात, तिथं असतात ते सगळे बारीक जीव. इतके की मोजता पुरवत नाही, पण तराजूत घातले तर मूठभर वजन. जरा पुढं, पाणी शांत होतं आणि गाळ बसतो तिथं, मोजायला थोडे पण एकेक जाडजूड. म्हणून नुसतं मोजून चालत नाही. तोलावं लागतं."

"थोडे आन् जड?"

"लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही, कारभारी. गुळाची ढेप घ्या. उंची दुप्पट, रुंदी दुप्पट, जाडी दुप्पट केलीत, तर मूळच्या आठ ढेपांचा गूळ तिच्यात मावेल. शिंपलीचं जवळपास तसंच. एक मोठी गेली तर तिच्या जागी आठ लहान लागतात."

कारभारीनं मान डोलावली. रंगुबाई साहेबांसाठी ताक घेऊन आली होती. तिनं ते ऐकलं आणि तांब्या खाली ठेवला. पाटी भरून आणायची आणि पळीभर मिळायचं, ते का, हे तिला त्या क्षणी कळलं. ती मागे वळली, पण साहेबांचा आवाज तिला धरून राहिला.

"एक गोष्ट मात्र चमत्कारिक आहे," ते म्हणत होते. "खालच्या वळणावर मोठी शिंपली एकही नाही. ठीक, तिथं लोक काढत असतील. पण या डोहातही, त्या झाडांच्या कडेला, माणसाच्या कमरेएवढ्या पाण्यापर्यंत मोठी सापडत नाही. त्याच्या पुढं दोन हात गेलं की सगळ्या वयाच्या आहेत. पूर आला असता तर सरसकट वाहून गेल्या असत्या. रोग असता तर टरफलं तळाशी पडलेली दिसली असती. ही निवड हातानं झालेली आहे. या हिवाळ्यातच."

घाटावर बसलेली माणसं एकमेकांकडं बघू लागली. कारभारी सावकाश उठला. "डोहातनं?"

"मी तक्रार म्हणून सांगत नाही," साहेब घाईनं म्हणाले. "मला फक्त कळायला हवं, किती काढल्या. मग तळावर मूळचं वजन किती होतं त्याचा अंदाज..."

पण त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. दुपारपर्यंत गाव नदीकाठ धुंडाळत होतं, आणि भट्टीच्या मागं टरफलांचा ढीग सापडायला वेळ लागला नाही.

संध्याकाळी उजेड असतानाच चावडीपुढं माणसं जमली. बायका चावडीच्या बाजूच्या बुटक्या भिंतीआड उभ्या राहिल्या. रंगुबाईही त्यांच्यात होती. छबू तिच्या पदराला धरून होती. समोर गनीभाई उभा, टोपी हातात घेऊन. त्याच्या मागं मेहताब आणि त्यांची दोन पोरं.

"डोहात आमी पाय घातला न्हाई," गनीभाई म्हणाला. "माझ्या आज्यानं न्हाई, बापानं न्हाई. मी कशाला घालू?"

"मग हे उडून आलं का?" पाटलांनी टरफलांची पाटी पुढं ढकलली.

गनीभाईनं बायकोकडं पाहिलं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. मेहताब पुढं आली. "भट्टीवर म्या टाकल्या. कुठनं आल्या ते मी सांगनार न्हाई."

"का न्हाई?"

"आन घेतल्याली हाय."

लोक हसले. मेहताबनं मान वळवली आणि सरळ भिंतीकडं पाहिलं, रंगुबाईच्या डोळ्यांत. त्या नजरेत राग नव्हता. ती वाट बघत होती. एक शब्द, बस. तिनं छबूला उचलून घेतलं आणि पोरीच्या खांद्यामागं तोंड लपवलं.

मग कारभारी बोलला. हिवाळ्यात ज्याला कूस बदलता येत नव्हती, तो ताठ उभा राहून खणखणीत आवाजात बोलला. "गनी, तू माझ्या डोळ्यांदेखत वाढलास, म्हनून मी जास्त बोलत न्हाई. पन देवाच्या डोहात चोरी झाली. नदीकाठची जागा गावानं तुज्या आज्याला दिली हुती, ती गाव परत घेतंय. चुना आमी दुसरीकडनं आनू."

रेडकर साहेबांनी मध्ये पडून पाहिलं. "अहो, मी कोणाला पकडायला आलो नव्हतो," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. कारभारीनं त्यांना हात जोडले. "तुमच्या शास्त्रानं चोर धरून दिला, साहेब." दुसऱ्या दिवशी साहेब सामान बांधून निघून गेले. जाताना ते कोणाकडं नीट बघू शकले नाहीत.

चार दिवसांत गनीभाईनं बिऱ्हाड हलवलं. मेहताबचा भाऊ खाजाभाई नेवाशाला होता, प्रवरेच्या काठी त्याचीही भट्टी होती, तिकडं. गाडी गावातून गेली तेव्हा रंगुबाई दार लावून आत बसली होती. गाडीची चाकं तिच्या दाराशी जरा थांबल्यासारखी वाटली. तिनं कडी काढली नाही.

पुढचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. भाकरी थापता थापता हात थांबे. आरशात कुंकू लावताना ती फक्त कपाळाकडं बघे, डोळ्यांकडं नाही. पाणवठ्यावर बायडाबाई म्हणाली, "बरं झालं गं, ती बाई भारीच वरच्या आवाजाची हुती," आणि रंगुबाईनं "व्हय" म्हटलं. ते "व्हय" तिच्या तोंडून निघून गेलं, आणि घागर अर्धीच भरून ती घरी आली.

ज्येष्ठात एका दुपारी कारभारी शेतावरून आला, पाय धुऊन पाटावर बसला आणि खुशीत म्हणाला, "सूनबाई, लई दिस झाले. हिवाळ्यात करत हुतीस तसं माडगं कर की. तसं पुन्हा जमलंच न्हाई तुला."

रंगुबाईनं हातातली पळी खाली ठेवली.

"मामंजी, ते जमायचं न्हाई."

"का? हुलगे संपले?"

"त्यात हुलगे नुसते नव्हते." ती खाली जमिनीकडं बघत बोलत होती. "शिंपल्यांचं मास हुतं. वैदांनी सांगितल्यावर म्या घातलं. आदी वळनावरच्या, मंग डोहातल्या. गनीभाईंनी न्हाई. मेहताबभाबीनं न्हाई. ती नको म्हनत हुती. डोहात मी उतरले."

बाहेर छबू चिंचोके खेळत होती, त्यांचा आवाज तेवढा येत होता. कारभारीनं समोरचं ताट हातानं बाजूला सारलं. तो ओरडेल, निदान हाकलून देईल, असं तिला वाटलं होतं. तो नुसता बसून राहिला. मग उठला, आणि नदीवर गेला. तो परत आला तेव्हा उन्हं कलली होती, अंगावरचं धोतर ओलं होतं. गळ्यात माळ नव्हती.

"माझ्या पोटात गेलं त्याचं मी आन् देव बघून घेऊ," तो दारातूनच म्हणाला. "तू मला जगवलंस. त्यावर मी तुला बोलनार न्हाई. पन तू भिंतीमागं उभी हुतीस ना गं? मी गनीला बोलत हुतो तवा?"

"व्हय."

"आन् मला बोलू दिलंस."

आजवर तिला वाटत होतं, आपण माळ बाटवली हा आपला गुन्हा. म्हाताऱ्याला त्याहून मोठं काहीतरी लागलं होतं. तिच्या गप्प राहण्यानं त्याच्या तोंडून खोटा न्याय निघाला होता, आणि गावात त्या तोंडाची किंमत होती.

त्यानं पाटलांना सांगून पुन्हा माणसं गोळा केली. या वेळी रंगुबाई भिंतीआड राहिली नाही. पुरुषांच्या पुढं उभं राहून, डोक्यावरचा पदर घट्ट धरून तिनं सगळं सांगितलं. आवाज इतका बारीक निघाला की मागच्यांनी "काय? काय म्हनली?" म्हणून विचारलं, आणि तिला ते पुन्हा सांगावं लागलं. कोणी तोंडावर हात धरला, कोणी हसलं. बायडाबाईनं "बया बया" म्हणून गालाला बोटं लावली. कारभारी म्हणाला, "न्याव माझा चुकला. हितनं पुढं मला पंचांत बोलावू नका." आणि तो खाली बसला, पंचांच्या ओळीत नाही, पायरीवर.

पाटलांनी गनीभाईला परत बोलवायचं ठरवलं. निरोप कोणी न्यायचा? "आमीच नेतो," कारभारी म्हणाला. सासरा आणि सून पुणतांब्याला आगगाडीत बसून बेलापूरला उतरले, आणि तिथून एका बाजारकऱ्याच्या बैलगाडीतून नेवाशाला गेले. म्हातारा अधूनमधून गळ्याशी हात नेई, तिथं काही नाही हे आठवून हात खाली घेई.

गनीभाई त्यांना पाहून गडबडला. त्यानं घोंगडी अंथरली, पोरीला चहा टाकायला सांगितलं. कारभारी बसला नाही. तो वाकून गनीभाईच्या पायाला हात लावायला गेला, तसा गनीभाईनं त्याला वरच्यावर धरलं. "आवो मामा, हे काय करता! तुमी वडील मानूस." दोघांचेही डोळे भरून आले. गनीभाई म्हणाला, "राग न्हाई. पन परत येनं आता हुनार न्हाई. हितं काम लागलंय. आन् पोरांनी त्या गावात मान खाली घालून का वाढावं?"

रंगुबाई अंगणाच्या कडेला उभी होती. मेहताब भट्टीवरून आली, हात चुन्यानं पांढरे.

"भाबी, म्या सांगितलं. समद्या गावापुढं सांगितलं."

"ऐकलं," मेहताब म्हणाली. तिचा तो मोठा आवाज नव्हता. "बरं केलंस. पन माझ्या पोरांसमोर त्यांच्या बापाला चोर म्हनले, त्या सांजंला तू आट हाताच्या अंतरावर हुतीस. आता तू कितीबी वरडून सांग, त्या सांजंला ते ऐकू जानार हाय का?"

"न्हाई जानार."

"मग?"

मेहताबनं पोरीच्या हातातला चहाचा पेला घेऊन रंगुबाईपुढं धरला. "पी. लांबनं आलीस." तेवढं म्हणून ती आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

लढाई संपल्यावर बन्सी परत आला. त्याला सगळं चावडीवरच कळलं, कारण तोवर गावानं त्यांच्या घराला शिंपलीवाले म्हणायला सुरुवात केली होती. तो बायकोला एवढंच म्हणाला, "मला कळवायचं हुतं." लढाईवर त्यानं स्वतः काय काय खाऊन दिवस काढले होते, ते त्यानं सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही. कारभारी पुढं तीन पावसाळे जगला. माळ त्यानं पुन्हा घातली नाही. लोकांनी सांगून पाहिलं, प्रायश्चित्त घेतलं की झालं म्हणाले. तो म्हणे, "गळा मोकळा आसला की मला ध्यानात ऱ्हातं."

एकोणपन्नास साली रंगुबाई माहेरी जायला पुणतांब्याच्या स्टेशनावर आली होती. फलाटावरच्या लिंबाखाली बसलेली बाई उठून तिच्याकडं आली तेव्हा तिनं ओळखलं. मेहताबचे केस कानाशी पांढरे झाले होते. ती तिकडं कुणाच्या लग्नाला आली होती आणि नेवाशाला परत निघाली होती.

"म्हातारा गेला म्हने?"

"व्हय. गेल्या साली."

"लई दिस निजून हुता का?"

"न्हाई. चालताबोलता गेला. सकाळी गुरं सोडली आन् गोठ्यातच बसला."

"बरं झालं," मेहताब म्हणाली. "हाल न्हाई झाले." मग तिनं छबूची चौकशी केली, बन्सीची केली. फरीदाचं, तिच्या मुलीचं, लग्न ठरत आल्याचं सांगितलं. बोलताना तिचा आवाज पूर्वीसारखा चढला, आणि फलाटावरची दोनचार माणसं वळून पाहू लागली. रंगुबाई "हां, हां" म्हणत राहिली. तिनं वर पाहायचा प्रयत्न केला, पण तिची नजर मेहताबच्या गळ्यातल्या काळ्या पोतीपर्यंत जाई आणि तिथून खाली येई.

गाडी आली. मेहताब बायकांच्या डब्यात चढली, खिडकीतून वाकून तिनं हाक मारली, "ये गं, जागा हाय हितं. बेलापूरपर्यंत बोलत जाऊ."

"छबूचे बा पुढच्या डब्यात बसल्यात," रंगुबाई म्हणाली. "तिकडंच जाते."

बन्सी त्या दिवशी तिच्याबरोबर नव्हताच, तो शेतावर होता. रंगुबाई गाठोडं उचलून पुढच्या डब्यात चढली आणि दाराशी, अनोळखी माणसांच्या गर्दीत, उभी राहिली. आत बसायला जागा होती, पण ती बेलापूर येईपर्यंत उभीच होती. तिथं मेहताब उतरली. पिशवी सांभाळत, दोन्ही बाजूंना बघत ती फलाटावरून चालत गेली. रंगुबाई दारातून मागं सरकली, तिला आपण दिसू नये म्हणून. गाडी हलल्यावर ती बसली.